स्की न येणाऱ्या कुटुंबाने गुलमर्गच्या बर्फात काय करावं?

शेवंती | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी काश्मीरला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी), लेक ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि धाकटा दीर. दिराला स्कीइंग शिकायचंय, त्याने व्हिडिओ बघून घरातल्या फरशीवर सराव सुरू केलाय. बाकी आमच्यापैकी कोणीही फ्रीजबाहेर बर्फ पाहिलेला नाही.

ज्यांच्यामार्फत बुकिंग करतोय ते म्हणतात, गुलमर्गला राहू नका, महाग पडतं. श्रीनगरहून सकाळी निघा, गोंडोला (डोंगरावर नेणारी केबलकार) करा, स्लेजवर बसा, मॅगी खा आणि संध्याकाळी परत. मला हे पटत नाहीये. पण राहायचं म्हटलं तर स्की न येणाऱ्या माणसांनी दिवसभर करायचं काय? हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघत बसायला मी एवढा खर्च करणार नाही. आणि सासूबाईंना गोंडोलाच्या अगदी वरच्या टप्प्यापर्यंत न्यावं का? त्यांनी मैत्रिणींना आधीच सांगून ठेवलंय की मी वर जाणार म्हणून.

जुने धागे चाळले, त्यात बहुतेक गप्पा हाउसबोट आणि शालींच्या आहेत. बाहेर, उघड्यावर, बर्फात काय करता येतं ते सांगा.


टवाळ_कार्टं | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३१

पैसे देऊन थंडीत पडायला जाणाऱ्या सर्वांना माझा सलाम. आमच्याकडे माथेरानला स्वेटर घातला की हिवाळा साजरा होतो.

(हलके घ्या. धाग्याची वाचनखूण साठवली.)


आडवाट | ९ नोव्हेंबर, रात्री ११:४८

शेवंती, राहाच. निदान तीन रात्री. बुकिंगवाल्यांचं गणित त्यांच्या सोयीचं आहे, तुमच्या नाही.

श्रीनगर ते गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. पैकी टंगमर्गपासूनचा शेवटचा १३ किलोमीटरचा घाट हिवाळ्यात सगळा दिवस खातो. बर्फ पडला असेल तर साध्या गाड्या टंगमर्गलाच थांबवतात. तिथून पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर असलेली स्थानिक गाडी करावी लागते. म्हणजे सकाळी आठला निघालेला माणूस अकराच्या आसपास वर पोचतो, बाराला गोंडोलाच्या रांगेत उभा राहतो आणि चारला त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागतो. ती रांग म्हणजे अंगारकीला सिद्धिविनायकाची रांग, फक्त उणे पाच अंशांत.

मुक्कामी असलेल्यांना मिळते ती सकाळ. साडेआठ ते अकरा अख्खं मैदान रिकामं असतं. रात्री पडलेल्या बर्फावर कोणाचा पाय पडलेला नसतो, आकाश बहुधा स्वच्छ असतं आणि स्लेजवाले-घोडेवालेही अजून चहा पीत असतात. पोरांना जे काही करायचंय ते तेव्हाच करू द्या. दुपारी गर्दी आली की जेवा, झोपा, आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडा.

आता गोंडोला. दोन टप्पे आहेत. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर. पहिला टप्पा कोंगडोरीला नेतो, सुमारे ३,०८० मीटर. दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटर. पहिला १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. तिकिटं आधी ऑनलाइन काढायची आणि दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी काढायची. गर्दीच्या दिवसांत दुसऱ्या टप्प्याची आधी संपतात. "मी रांग न लावता तिकीट मिळवून देतो" असं सांगणारे टंगमर्गपासून भेटायला लागतात, त्यांना हात जोडायचे. वारा असला किंवा जास्त बर्फ पडलेला असला तर दुसरा टप्पा बंद ठेवतात, त्यामुळे तो मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर कधीही ठेवू नका. पहिल्या स्वच्छ सकाळी उरका. हेही राहण्याचं एक कारण: एका दिवसाच्या पाहुण्याला त्या दिवशी जे हवामान असेल तेच.

माझं मत विचाराल तर कुटुंबासाठी खरी मजा कोंगडोरीला आहे. वरच्या टप्प्यावर दृश्य अफाट, पण उतरल्यावर स्की न येणारा माणूस तिथे करतो काय? फोटो काढतो, कुडकुडतो आणि परत फिरतो. कोंगडोरीला मोठा पसरट उतार आहे, पोरं तासन्‌तास घसरतात, गरम कहवा मिळतो, वरून खाली येणारे स्कीवाले बघत बसता येतं. तिथून मेरीज शोल्डरला जाणारी चेअरलिफ्टही आहे, पण तिचा उपयोग मुख्यतः स्की येणाऱ्यांना.

दिराबद्दल उद्या सविस्तर लिहितो.


मुळामुठा | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

आडवाट, छान माहिती. एक मुद्दा मात्र कोणीच मांडत नाही. गुलमर्गची स्लेज म्हणजे लाकडी फळी, तिला दोरी, आणि ती दोरी ओढणारा माणूस. ८० किलोच्या धडधाकट पर्यटकाला एक बारीकसा काश्मिरी माणूस बर्फातून चढावर ओढत नेतोय आणि पर्यटक वर बसून व्हिडिओ काढतोय, हे मला बघवत नाही. कृपया बसू नका.


गोदाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ९:२०

मुळामुठा, भावना पोचल्या. पण न बसल्याने त्या माणसाचं भलं कसं होतं तेवढं सांगा. उन्हाळ्यात त्यातले बरेचजण घोडे चालवतात किंवा शेतात राबतात, हिवाळ्यात हेच काम असतं. आपण आपल्या नाजूक मनाची काळजी घेतो आणि त्याची चूल थंड पडते.


मुळामुठा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:४१

हाच युक्तिवाद शंभर वर्षांपूर्वी डोलीवाल्यांबद्दल केला जायचा.


गोदाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ९:५५

आणि पन्हाळ्याला घोड्यावर बसताना हा विचार कुठे जातो? असो. भाव आधी ठरवा, कुठून कुठपर्यंत ते स्पष्ट करा, आणि चढ असेल तिथे उतरून त्याच्याबरोबर चालत जा. उतारावर तो पुढे बसतो, तुम्ही मागे, आणि पायांनी ब्रेक लावत तो सुसाट खाली आणतो. तो भाग खरोखर मजेचा आहे. असं केलं की दोघांचाही मान राहतो.


शेवंती | १० नोव्हेंबर, सकाळी ११:१०

चढावर चालायचं आणि उतारावर बसायचं, हे आवडलं. मुलांना सांगायलाही सोपं. सासूबाई मात्र चढावरही बसणार, त्यांचं वजन ४८ किलो आहे, मुळामुठा यांनी सवलत द्यावी.


मुळामुठा | १० नोव्हेंबर, सकाळी ११:२२

आजींना सवलत मंजूर :)


आडवाट | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

दिरासाठी.

दोन रस्ते आहेत. एक, सरकारी संस्थेचा निवासी कोर्स. गुलमर्गला भारत सरकारच्या पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, नवशिक्यांसाठी तुकड्या घेतात. शिस्त कडक, सकाळी व्यायाम, दिवसभर उतारावर. पण मग तो तुमच्याबरोबर नसणार. दुसरा, तिथल्या प्रशिक्षकाकडून रोज दोन-तीन तास शिकायचं. साहित्य भाड्याने मिळतं. कुटुंबाबरोबर जाताय म्हणून दुसरा रस्ता बरा.

पण काही गोष्टी त्याने इथूनच डोक्यात ठेवून जाव्यात. सगळा खेळ बुटांचा आहे. स्कीचा बूट टणक प्लास्टिकचा असतो आणि तो घट्टच हवा. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की बोटं मागे यावीत आणि नडगी बुटाच्या जिभेला चिकटावी. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. थंडीच्या भीतीने लोक तीन-तीन मोजे चढवतात, त्याने रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच लांब लोकरी मोजा. थर्मलची पँट बुटात कोंबायची नाही, नाहीतर संध्याकाळी नडगीवर वळ उठतो. स्कीची लांबी नवशिक्याला छाती ते हनुवटीच्या दरम्यान पुरे. बूट स्कीला जिथे अडकतो तो खटका वजनानुसार लावून घ्यायचा असतो, म्हणजे पडल्यावर स्की सुटते आणि गुडघा वाचतो. भाड्याच्या दुकानात घाई असते, "हो हो, सेट आहे" म्हणतात. समोर उभं राहून करून घ्या. हेल्मेट मागून घ्या, आपणहून देत नाहीत.

पहिला सगळा दिवस पडायचं आणि उठायचं. बाजूला पडायचं, मागे नाही. स्कीची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवून, नांगरासारखा कोन करून वेग मारायचा, एवढं जमलं की खालचे सोपे उतार त्याचे. तिथे ओढून वर नेणाऱ्या लिफ्ट आहेत, त्यामुळे स्की खांद्यावर टाकून चढायला लागत नाही. पहिल्याच दिवशी "साहेब, फेज टूवरून (गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून) खाली आणतो" म्हणणारा प्रशिक्षक बदलावा.

तुमच्या लेकीलाही शिकवा. ११ हे उत्तम वय आहे. ६ वर्षांचा असेल त्याला जबरदस्ती नको, त्याला बर्फात खड्डा खणायला दिला तरी तो खूश असतो. तसे तिकडचे चार वर्षांचे होतात तेव्हापासून सुरू करतात. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता आरिफ खान, तो याच टंगमर्गचा. वडिलांचं स्कीच्या साहित्याचं दुकान, पोरगा उतारावरच वाढला. जायंट स्लॅलममध्ये (खांबांमधून वळत उतरायची शर्यत) ४५ वा आला. आपल्याकडे कोणाला पत्ताही नव्हता.


सुभेदार_सातारा | ११ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

जय हिंद. गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, तिथे कोर्स केलेला आहे. चार गोष्टी सांगतो.

हिमस्खलन. गोंडोलाच्या मुख्य उतारावर गस्त असते, बर्फ पाडून सुरक्षित करतात. दोरीच्या किंवा फलकाच्या पलीकडे कोणी बघणारं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतला दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात दगावले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला एक रशियन. हे लोक सराईत होते. ताजा बर्फ आणि वारा, त्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत वाईट. ३० ते ४५ अंशांचा उतार सर्वांत वाईट. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर निघाला. म्हणून बाहेर जाणाऱ्यांकडे सिग्नल देणारं यंत्र, फावडं आणि लांब काठी असते, आणि वापरायचा सराव असतो. तुमच्याकडे नाही. दिराला सांगा, कोणी "पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) दाखवतो" म्हणून बाजूला नेत असेल तर जायचं नाही. रोज हिमस्खलनाचा इशारा प्रसिद्ध होतो, हॉटेलात विचारायचं. घोडेवाला खिलनमर्गला नेतो म्हणाला तरी आधी तो इशारा विचारायचा.

दुसरं, घाम. थंडीत माणूस थंडीने कमी आणि घामाने जास्त गारठतो. चालायला लागण्याआधी एक कपडा काढायचा, थांबलं की घालायचा. आपली माणसं उलटं करतात.

तिसरं, मोबाइलची बॅटरी थंडीत झोपते. आतल्या खिशात, अंगाला लागून.

चौथं, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. पोस्टपेड पाहिजे. घरातल्या निदान दोघांकडे.


विहीणबाई | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

सुभेदार साहेब, विचारू का नको असं झालंय. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यात आपल्या महाराष्ट्रातलीही माणसं गेली. डोंबिवलीत आमच्या नात्यातल्यांच्या ओळखीचे होते. तेव्हापासून घरात काश्मीरचं नाव काढलं की सगळे गप्प होतात. अशा वेळी लहान मुलांना घेऊन जावं का?


सुभेदार_सातारा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:०२

ताई, जा असंही म्हणणार नाही, नको असंही म्हणणार नाही. ज्याने त्याने ठरवायचं. गेलात तर मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात, नाक्यावर वाद घालायचा नाही, ड्रोन न्यायचं नाही, लष्कराच्या आवाराचे फोटो काढायचे नाहीत, अंधार पडायच्या आत मुक्कामी. तिकीट बदलता येईल असंच काढा आणि निघायच्या आदल्या आठवड्यात परिस्थिती बघून पक्कं करा. मनात भीती घेऊन सहलीला जाऊ नये, त्यात कोणालाच सुख नाही.


कोकणी_डॉक्टर | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४४

सासूबाईंच्या प्रश्नावर.

मुंबईहून विमानाने श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), तिथून गुलमर्ग, आणि मग गोंडोलाने थोड्याच वेळात थेट ३,९५० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्क्यांवर असतो. थोडा वेळ थांबून खाली येणाऱ्या निरोगी माणसाला सहसा डोकेदुखी, धाप, थोडी भोवळ यापलीकडे काही होत नाही. पण ६८ वर्षं वय, रक्तदाब किंवा हृदयाचा काही इतिहास असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरा टप्पा नको. आधी एक-दोन रात्री गुलमर्गलाच काढल्या तर शरीराला बरीच सवय होते. वर गेल्यावर डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, चालताना तोल जायला लागला की फोटोसाठी थांबायचं नाही, पुढच्या केबिनने खाली.

कापूर. प्रत्येक मराठी सहलीत एक काकू कापराची पुरचुंडी घेऊन असतात आणि बसभर हुंगायला देतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. हवा तर न्या, पण लक्षणं दिसली की कापूर नाही, खाली उतरणं हाच इलाज.

आणि हे सर्वांत महत्त्वाचं. खोलीत लाकडाची किंवा कोळशाची बुखारी (खोली गरम करायची शेगडी) असेल तर झोपताना ती विझलेली हवी किंवा धूर बाहेर नेणारा पाइप नीट हवा आणि खिडकीला फट हवी. कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) पांघरुणात घेऊन झोपायचं नाही. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बर्फात पडून जितकी माणसं दुखावतात त्याची आपण चर्चा करतो, या वायूची कोणी करत नाही.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत आणि बुखारीवरही धरायची नाहीत, बधिर कातडी भाजलेली कळत नाही. काखेत धरा किंवा कोमट पाण्यात. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं सोडू नका.


बर्फी_कॅलगरी | ११ नोव्हेंबर, रात्री ११:३७

इथे कॅलगरीहून बॅन्फ दीड तासावर. शेवंती, तुझा प्रश्न वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे स्कीला हातही लावत नाहीत आणि तरी त्यांचे दिवस भरलेले असतात. लेक लुईज गोठलं की हॉटेलसमोरच्या तळ्यावरच स्केटिंग करतात. जॉन्स्टन कॅन्यनमध्ये गोठलेल्या धबधब्यांपर्यंत चालत जायची वाट आहे, बुटांना काटेरी पट्ट्या लावायच्या आणि निघायचं. माउंट नॉर्केला रबरी ट्यूबवर बसून घसरायचं. माझे बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांना सर्वांत आवडलं ते स्नोशू. पायाला रुंद जाळीदार पाटे बांधून खोल बर्फावरून चालायचं, शिकायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ज्याला चालता येतं त्याला स्नोशू येतात. गुलमर्गला मिळत असतील तर नक्की घ्या.

कपड्यांबद्दल सुभेदार काकांना पूर्ण पाठिंबा. जीन्स अजिबात नको. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. आत अंगाला चिकटणारं थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, बाहेर पाणी आणि वारा अडवणारं. मुलांना पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र असलेले मोजे द्या, आणि प्रत्येकी दोन जोड. पहिला जोड तासाभरात भिजतोच.

सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, ऊन खालून लागतं. काळा चष्मा सहा वर्षांच्या लेकालाही हवा, तो काढून फेकणार हे गृहीत धरून दोरी लावलेला घे.


आडवाट | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

स्नोशू गुलमर्गला भाड्याने मिळतात. आणि त्यासाठी जागाही आहे, लोकांना ती दिसत नाही इतकंच. उन्हाळ्यात जिथे १८ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान असतं, ते हिवाळ्यात मोठं, हलक्या चढउतारांचं पांढरं पठार होतं. तिथेच सपाटीवरचं स्कीइंगही करतात: अरुंद हलक्या स्की, टाच मोकळी, हातातल्या काठ्यांनी ढकलत जायचं. उताराची भीती वाटते पण स्कीवर उभं राहायचंय, अशांसाठी हे फार छान. शेवंती, तुम्ही दोघांनी हेच करा. दम लागतो, अंग गरम राहतं, पडलात तरी उंचीवरून पडत नाही.

मैदानाच्या मधल्या टेकाडावर सेंट मेरीज चर्च आहे, तिथपर्यंत सकाळी चालत जा. सासूबाईंना काठी आणि बुटांना काटेरी पट्ट्या द्या, रस्त्याचा भाग साफ केलेला असतो. बर्फ दाबला गेला की त्याची काच होते आणि खरी हाडं मोडतात ती तिथे, उतारावर नाही.

एक अर्धा दिवस टंगमर्गजवळच्या द्रुंगला द्या. ऐन थंडीत तिथला धबधबा गोठतो, कड्यावरून बर्फाचे सुळे लोंबत असतात. दुरून बघायचा. फोटोसाठी लोक सुळ्यांच्या बरोबर खाली उभे राहतात, दुपारी ऊन आलं की ते सुळे तुटतात.

स्नोमोबाइल आणि चार चाकांच्या बाइक आहेत. मुलांना आवडेल. मला त्यांचा आवाज आणि वास नको वाटतो, शिवाय पाच मिनिटांची फेरी मारून पैसे संपतात. चालवणारा ते चालवत असतो, तुम्ही मागे बसता. एकदा ठीक आहे.


पक्षीवेडा | १२ नोव्हेंबर, दुपारी ३:२६

ठसे बघायला सांगायचं विसरू नका! सकाळी ताज्या बर्फावर कोल्ह्याच्या पावलांची सरळ रेघ दिसते. मैदानाच्या कडेला झाडांच्या बाजूने चाललात की बहुतेक सापडतेच, आणि पुष्कळदा कोल्हाही दिसतो, हॉटेलांच्या मागे उष्टं शोधत असतो. त्याला खायला घालू नका. गोंडोलाच्या वर पिवळ्या चोचीचे काळे कावळे, म्हणजे चफ, वाऱ्यात कसरती करत असतात. हिमालयन ग्रिफन गिधाडं घिरट्या घालताना दिसतात, आणि ती तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतात! हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला नंगा पर्वत (८,१२६ मीटर) दिसतो. मुलीला दुर्बीण द्या, तिला स्लेजची आठवणही होणार नाही.


गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

सगळे बर्फ गृहीत धरून बोलतायत म्हणून सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, महिना संपता संपता बर्फ आला. ज्यांनी नाताळ ते मकरसंक्रांत बुकिंग केलं होतं ते पिवळ्या गवतावर फोटो काढून आले. २०२५ मध्ये तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याचे ४० दिवस, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. पण थंडी असली म्हणजे बर्फ असेलच असं आता राहिलेलं नाही. शेवंतीताई, जमत असेल तर फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा बघा.


शेवंती | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

शाळेमुळे २६ जानेवारीला लागूनच जमतंय. तीन-चार दिवस पुढे ढकलून बघते, बाईंना चिठ्ठी देऊ. उत्तराखंडातल्या औलीचं काय? तिथे बर्फ जास्त खात्रीचा असतो का?


आडवाट | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२०

खात्रीचा नाही, तिथेही तीच रड. औली शिकायला सुंदर आहे. उतार लांब आणि एकसलग, समोर नंदादेवी, गढवाल मंडल विकास निगमचे (तिथलं सरकारी पर्यटन मंडळ) सात आणि चौदा दिवसांचे कोर्स. दीर पुढच्या वर्षी एकटा जाणार असेल तर हाच पर्याय. पण २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला चार किलोमीटरचा रोपवे बंद पडला, वर जायचं ते रस्त्याने, आणि हरिद्वारहून जोशीमठ हा अख्ख्या दिवसाचा प्रवास. सहा वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे घेऊन नको.

सोलंगला मनालीहून गर्दी इतकी की बर्फ दिसत नाही. अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला बरं आहे, पण ते दिवसभराचं ठिकाण, मुक्कामाचं नव्हे.


मुळामुठा | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

परतीचं कोणी बोललं नाही. बर्फ जोरात पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि जम्मूचा महामार्गही रामबनकडे बंद होतो. आता जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे, चिनाबच्या पुलावरून जाते. विमान रद्द झालं तर तो एक मार्ग आहे. तरी गुलमर्गहून थेट विमानतळ गाठायचा बेत करू नका, शेवटची रात्र श्रीनगरला ठेवा. पहाटे हरिसा (मटण घोटून केलेला पदार्थ) खाता येईल. शाकाहारी असाल तर गिरदा (तंदूरमधली काश्मिरी रोटी) आणि नून चहा (मीठ घातलेला गुलाबी चहा).


शेवंती | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

सर्वांचे खूप आभार. सध्याचा बेत असा: गुलमर्गला तीन रात्री, शेवटची श्रीनगरला. दीर आणि लेक सकाळी प्रशिक्षकाबरोबर, आम्ही दोघं गोल्फच्या मैदानावर, सासूबाई आणि धाकटा कोंगडोरीला. डॉक्टरांचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "कापराबद्दल त्याला काय कळतंय." पण पहिल्या टप्प्यावर समाधान मानायला तयार झाल्यात. मैत्रिणींना टप्प्याचा आकडा सांगायचा नाही असं ठरलंय.

एक शेवटचं. टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने घ्यावेच लागतात असं बुकिंगवाले म्हणतात. खरं का?


गोदाकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी १:१५

सक्ती कसलीच नाही. गाडी थांबली की चारजण खिडकीशी येतात आणि "वर असल्या बुटांनी सोडत नाहीत" सांगतात. बुटांत पाणी शिरत नसेल आणि तळवा खाचांचा असेल तर पुढे चला. स्पोर्ट्स शूज घालून आला असाल तर मात्र मुकाट्याने घ्या. रबरी गमबूट आतून गार असतात, त्यात लोकरी मोजा हवाच, आणि मुलांच्या मापाचा मिळेलच असं नाही, म्हणून मुलांचे बूट इथूनच घेऊन जा. कोट शक्यतो टाळा. ओला, जड आणि कोणाकोणाच्या अंगावरून आलेला असतो.


टवाळ_कार्टं | १३ नोव्हेंबर, रात्री ११:०३

बायकोने हा धागा वाचला. होळीला चाललोय. मार्चमध्ये बर्फ असतो का, की मी सुटलो?


आडवाट | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:००

सुटला नाहीत. कोंगडोरीला आणि वर सहसा असतो, खालच्या मैदानावर वितळायला लागलेला असतो. मार्चमध्ये रात्री बर्फ गोठून सकाळी कडक होतो, दहा-अकराला वरचा थर मऊ पडतो आणि दुपारी त्याचा चिखल होतो. शिकणाऱ्याने त्या मधल्या दोन तासांत शिकायचं. ऊन जास्त असतं, दिवस मोठा असतो, भाडी कमी होतात. उन्हाचा चष्मा विसरू नका आणि दुपारनंतर तीव्र उताराखाली थांबू नका, ओला बर्फ तेव्हाच सुटतो.